खिंडीतली बेरीज

30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला, दीडशेच्या आसपास माणसे गाडली गेली, आणि बातमी बाहेर आणली ती एसटीच्या चालकाने. नेहमीच्या वाटेवर त्याला गावच दिसेना. फोन चालू असते म्हणून दरड थांबली नसती, हे उघड आहे. पण भीमाशंकरकडच्या दऱ्याखोऱ्यांत रेडिओलहरींना डोंगर आडवा येतो, ही अडचण कोरड्या दिवशीही असतेच. त्यावर ‘उंच टॉवर उभारा’ हे ठरलेले उत्तर मला अपुरे वाटते. टॉवर उंच केला तर डोंगराची सावली थोडी सरकते, जात नाही. आणि तो एकटा बंद पडला की सगळा पट्टा मुका. अशा मुलखात एकमेकांचे निरोप पुढे नेणारे अनेक दुबळे रेडिओ बरे. मात्र त्यांनी नुसती हमाली करू नये, थोडे गणितही करावे.

खिंडीच्या अलीकडे-पलीकडे दोन गावे आणि खिंडीत एक छोटा रेडिओ आहे असे धरा. अलीकडून 1011 निघाले, पलीकडून 0110. एरवी दोन निरोप यायचे आणि दोन जायचे, म्हणजे चार प्रक्षेपणे. त्याऐवजी खिंडीतला रेडिओ दोन्ही एकाखाली एक मांडतो, अंक सारखे तिथे 0 आणि वेगळे तिथे 1 लिहितो, आणि आलेले 1101 एकदाच दोन्हीकडे सोडतो. अलीकडच्या गावाकडे स्वतःचे 1011 असतेच. ते 1101 शी त्याच रीतीने ताडले की 0110 हाती येते. काम तिनात भागले. वाटेत अशी मिसळ केल्याने नुसत्या पुढे ढकलण्यापेक्षा जास्त माहिती नेता येते, हे आल्सवेडे आणि सहकाऱ्यांनी 2000 साली सिद्ध केले. हेच नेटवर्क कोडिंग.

मिसळलेले पुन्हा वेगळे होईल का, ही शंका रास्त आहे. हिशेब ठेवला तर होते. शेजारच्याच जुन्नरमध्ये खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत, सुमारे 25 किलोमीटरवर पसरलेल्या. त्यांच्या 435 जोड्यांचे संकेत एकमेकांशी गुणून आकाशाचे चित्र बनते, ते कोणता संकेत किती उशिरा पोचला याची नोंद असते म्हणूनच. तिथे ऑप्टिकल फायबर आहे, खिंडीत हवा; इथे पाकिटे, म्हणजे निरोपांचे तुकडे, गळतात. म्हणून प्रत्येक मिसळीसोबत तिचे घटक कोणते, हेही पाठवतात. पुरेशा वेगळ्या मिसळी पोचल्या की समीकरणे सुटतात. नेमके कोणते पाकीट गळले, हे विचारत बसावे लागत नाही. आपत्तीत निरोप एकाच दिशेने, आतून बाहेर जातात, तेव्हा वरची तिनाची युक्ती फुकट जाते, हा आक्षेप मला मान्य आहे. गळती सोसण्याचा हा दुसरा गुण मात्र तेव्हाच खरा उपयोगी पडतो.

सर्वांत जड आक्षेप खोडदचाच. भोवतालचे डोंगर रेडिओचा गोंगाट अडवतात, म्हणून तर दुर्बीण इथे आली. मग इथे आणखी रेडिओ कशाला? अद्ययावत जीएमआरटी साधारण 120 ते 1450 मेगाहर्ट्झपर्यंत ऐकते, पण मोबाइलच्या 900 च्या आसपास फट सोडून. भारतात विनापरवाना खुला असलेला 865 ते 868 चा पट्टा त्या फटीच्या काठाला लागूनच आहे, त्यामुळे दुर्बिणीच्या लोकांना विचारूनच जागा आणि शक्ती ठरवावी लागेल. एवढ्याशा शक्तीवर फोटो जाणार नाहीत. ‘रस्ता बंद, आठ जखमी’ एवढे जाईल.