पोर्टफोलिओला तीट हवी

जबलपूरजवळच्या भेडाघाटच्या टेकडीवर पायऱ्या चढून गेलं की चौसष्ट योगिनींचं गोल मंदिर लागतं. कलचुरींच्या काळातलं, हजारेक वर्षांचं. नाव चौसष्टचं, कोनाडे मात्र ८१. बहुतेक मूर्ती भंगलेल्या. कुणाचा हात नाही, कुणाचं नाक नाही, कुणाचा चेहराच गेलेला. स्केचबुक घेऊन एखादीच्या समोर बसावं, तर पेन्सिलीला पहिला मोह होतो तो तुटलेला हात कागदावर जोडून टाकायचा. चित्र पूर्ण दिसतं, पण समोरची योगिनी त्यात उरत नाही.

‘परफेक्ट असण्याचं दडपण’ हा विषय घेऊन पोर्टफोलिओ करायला बसलेल्या मुलांची नेमकी हीच पंचाईत होते. विषय दडपणाचा, आणि एकेक पान गुळगुळीत. खोडाखोड नाही, डाग नाही. म्हणजे ज्याच्याबद्दल तक्रार करायची, त्याच्याच धाकाखाली काम केलेलं.

मुळात पोर्टफोलिओ म्हणजे उत्तम चित्रांची फाईल, हा समज आपल्याकडे पक्का आहे. महाराष्ट्रातल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांचा हात घडवला, पण तिथे शेवटी ग्रेड मिळते ती वेळेत पूर्ण केलेल्या कागदाला. जबलपूरच्या आयआयआयटीडीएम या संस्थेत बी.डेस. या डिझाइनच्या पदवीचा प्रवेश ‘यूसीड’ या प्रवेश परीक्षेतून होतो. तिथेही परीक्षेत हाताने चित्र काढावं लागतं, पोर्टफोलिओ लागत नाही. परदेशातली कला महाविद्यालयं मात्र तो मागतात. अमेरिकेतल्या शाळांमधल्या ‘एपी’ (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) कला अभ्यासक्रमात एकाच प्रश्नाचा पाठपुरावा दाखवणाऱ्या १५ प्रतिमा द्याव्या लागतात आणि त्यांत प्रयोग, फेरबदल दिसणं अपेक्षित असतं. थोडक्यात, चित्र कसं झालं यापेक्षा ते कसं होत गेलं, हे पाहतात.

दडपणाचं स्वरूपही समजून घ्यायला हवं. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये त्याचे तीन प्रकार सांगितले: स्वतःकडून अचूकतेची अपेक्षा, दुसऱ्याकडून तीच अपेक्षा, आणि तिसरा म्हणजे ‘लोक माझ्याकडून तशी अपेक्षा धरून बसलेत’ ही भावना. थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या ४१ हजारांवर विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ मधली माहिती एकत्र तपासली. तिन्ही प्रकार वाढलेले दिसले, पण सर्वांत जास्त वाढ तिसऱ्यात होती, सुमारे ३३ टक्के. ही पाहणी भारतातली नाही. पण ‘अठ्ठ्याण्णव मिळाले? मग दोन कुठे गेले?’ हा प्रश्न ज्या घरात ऐकू येतो, तिथे तिसरा प्रकार वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पोर्टफोलिओची सुरुवात याच प्रश्नापासून करता येईल. ‘दडपण’ हा शब्द फार मोठा आहे. तो घेतला की साखळदंड, मुखवटे आणि डोकं धरून बसलेली मुलगी, हीच चित्रं सुचतात. ‘ते दोन मार्क कुठे गेले?’ असं विचारलं की हाताला सामान सापडतं: लाल पेनाच्या खुणा, चूक झाली म्हणून वहीतून फाडलेल्या पानांचे शिवणीत अडकलेले कपटे, खोडरबरचा काळपट चुरा. एकाच कागदावर स्वतःचा चेहरा काढा, खोडा, पुन्हा काढा. सातव्या-आठव्या वेळी कागदाचे तंतू सुटू लागतात, गालाच्या जागी तो पातळ होतो आणि मग भोक पडतं. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढून ठेवा. या मालिकेला वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज उरत नाही.

प्रश्न एकच ठेवायला घाबरू नये. जबलपूरशेजारच्या मंडला जिल्ह्यात वाढलेल्या सय्यद हैदर रझांना (१९२२–२०१६) प्राथमिक शाळेतल्या गुरुजींनी मन एकाग्र व्हावं म्हणून भिंतीवरच्या ठिपक्याकडे पाहायला लावलं होतं. नागपूर, मुंबई, पॅरिस असा प्रवास झाल्यावर तोच ठिपका ‘बिंदू’ होऊन त्यांच्या कॅनव्हासवर आला आणि शेवटपर्यंत राहिला.

खोडाखोड दाखवा म्हटलं की कुणी म्हणेल, मग गबाळेपणालाच कला म्हणायचं का? नाही. जबलपूरचेच ब्योहार राममनोहर सिन्हा शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांचे विद्यार्थी होते. संविधानाच्या मूळ प्रतीतलं उद्देशिकेचं पान त्यांनी सजवलं. त्या किनारीत एक रेघ ढिली नाही आणि खाली कोपऱ्यात सही एवढीच: ‘राम’. तिथे अचूकता कामाची गरज होती. दडपणातली अचूकता भीतीपोटी येते. नेटकेपणा आणि भीती यांतला फरक पोर्टफोलिओ करणाऱ्याला कळला पाहिजे. फोटो स्वच्छ उजेडात काढा, क्रम विचारपूर्वक लावा, टिपणं शुद्ध लिहा. फक्त फसलेली पानं काढून टाकू नका.

पालकांनाही एक सांगणं आहे. मुलाची स्केचबुक हातात आली की ‘यातलं सगळ्यांत छान कुठलं?’ असं विचारू नका. ‘यातलं फसलं कुठलं आणि मग काय केलंस?’ असं विचारा. बाळाला न्हाऊमाखू घालून, पावडर लावून सजवलं की आपणच त्याच्या गालावर काजळाची तीट लावतो. ते काळं बोट बाळाचं रूप बिघडवत नाही, हे आपल्याला तेव्हा ठाऊक असतं. दहावी-बारावीपर्यंत ते विसरू नये.