उंच चालक आणि जुनी टूरिंग मोटार

सहा फुटांहून उंच गृहस्थाला जुनी टूरिंग मोटार घ्यावयाची झाली, म्हणजे तो बहुधा गाडीची लांबी पाहून भुलतो. परंतु, श्रोतेहो, गाडी ऐसपैस असणें ही एक गोष्ट आणि चालकाची जागा ऐसपैस असणें ही दुसरी.

टूरिंग म्हणजे कापडी टपाची, कांचेच्या खिडक्या नसलेली उघडी गाडी. तिच्यांतील मोकळी जागा मागच्या उतारूंसाठीं असते. पुढची बैठक बहुधा जागची हलत नाहीं. मॉडेल टी फोर्डच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर १०० इंच, तर रोल्स-रॉइसच्या ‘ट्वेंटी’चें १२९ इंच. पण ही सगळी वाढ चालकाच्या पायांना मिळते असें समजूं नये. लांब इंजिन व मागची बैठक तिचा मोठा वाटा घेतात.

मॉडेल टी १९०८ पासून १९२७ पर्यंत निघत होती. तिच्या जुन्या टूरिंग गाड्यांत पेट्रोलची टाकी पुढच्या बैठकीखालींच असल्यामुळें बैठक खालीं घेण्यास वाव नाहीं. १९२६ च्या नमुन्यांत टाकी पुढें गेली व बैठक खालीं आली. या गाडीचें डावें पेडल पूर्ण दाबून धरलें म्हणजे ती चढाच्या गिअरांत चालते आणि सोडलें म्हणजे वेगाच्या. रावेरहून पालकडे सातपुडा चढतांना हा पाय सारखा वर-खालीं होणार. गुडघा स्टिअरिंगच्या चाकाला अडला, तर हात आणि पाय दोन्ही एकदम अडकतात.

म्हणून सौद्यापूर्वीं जोडे घालून गाडींत बसावें. प्रत्येक पेडल तळापर्यंत दाबून सोडावें आणि त्याच वेळीं स्टिअरिंग दोन्ही बाजूंस फिरवून पाहावें. मग टप चढवावा. खानदेशच्या उन्हाळ्यांत तो चढवावाच लागतो. डोळे पुढच्या कांचेच्या वरच्या पट्टीखालीं राहिले पाहिजेत. एकाच उंचीच्या दोघांत एकाचे पाय लांब, दुसऱ्याचें धड लांब असतें. तेव्हां दुसऱ्याच्या अनुभवावर विसंबूं नये. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांचे ब्रेक केवळ मागच्या चाकांवर चालत. केळींच्या ट्रकांच्या रस्त्यावर पाय क्षणभर उशिरां पोंचणेंही महाग पडेल.

जागा थोडी कमी पडत असेल, तर गादी व पाठ यांचें भरण पातळ करून घ्यावें. स्टिअरिंगचें चाक लहान बसविलें तर मांडीला जागा होते, पण गाडी वळविण्यास जड जाते. बॉडी मात्र कापूं नये. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होते, ती चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसेल तरच. शिवाय अशी गाडी रोजच्या कामाला वापरतां येत नाहीं.

सारांश, दुरुस्तीनें गाडी नवी होईल, पण गुडघ्याला न मिळालेली जागा मागाहून सहसा मिळत नाहीं. जी गाडी बसून मापांत येत नाहीं, ती कितीहि देखणी असली तरी दुसऱ्यासाठीं सोडावी.