तेल कंपनीच्या कामासाठी बनलेली भाषा गेमिंगच्या दुनियेत घुसली कशी?

सिन्नरच्या माळेगाव किंवा मुसळगाव एमआयडीसीत चक्कर मारली की एक गोष्ट लक्षात येते. इथले बरेचसे छोटे कारखाने आख्खी गाडी किंवा आख्खं मशीन बनवत नाहीत. ते एखादा सुटा भाग बनवतात. मोठ्या कंपनीशी त्यांची स्पर्धा नसते, पण तो भाग वेळेवर आला नाही तर मोठ्या कंपनीचंही अडतं.

प्रोग्रॅमिंगच्या जगात अगदी हाच डाव एका भाषेनं खेळला. तिचं नाव लुआ. जावा, पायथन ही नावं कॉलेजच्या पोरांना तोंडपाठ असतात, लुआ मात्र फारशी कुणी ऐकलेली नसते. पण तुम्ही कधी अँग्री बर्ड्समध्ये पक्षी भिरकावले असतील किंवा घरातलं पोरगं दिवसभर रोब्लॉक्स खेळत असेल, तर तुमचा तिच्याशी संबंध येऊन गेलाय.

तर झालं असं की, १९७७ ते १९९२ या काळात ब्राझीलमध्ये परदेशी कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअरवर कडक बंधनं होती. बाहेरून विकत घेणं अवघड, म्हणून लागेल ते घरीच बनवायचं, अशी तिथल्या लोकांना सवय लागली. रिओ दि जानेरोच्या पीयूसी विद्यापीठातली एक प्रयोगशाळा तेव्हा पेट्रोब्रास या सरकारी तेल कंपनीचं काम करत होती. त्यासाठी तिनं दोन छोट्या भाषा बनवल्या होत्या. त्यातल्या एकीचं नाव सोल, म्हणजे पोर्तुगीजमध्ये सूर्य. १९९३ मध्ये रॉबर्तो येरुसालिम्स्की, लुईझ हेन्रिके द फिगेरेदो आणि वाल्देमार सेलेस या तिघांनी त्या दोन्ही मोडीत काढून एकच भाषा केली. सूर्याच्या जागी आली म्हणून नाव ठेवलं लुआ, म्हणजे चंद्र.

इथवर गेमचा काहीच संबंध नव्हता. वापरणारे होते तेल कंपनीतले इंजिनिअर, ज्यांना प्रोग्रॅमिंगमध्ये रस नव्हता, आपलं काम उरकायचं होतं. त्यामुळे भाषा सोपी ठेवावी लागली. इतर बहुतेक भाषांमध्ये यादीची मोजणी शून्यापासून सुरू होते, लुआत ती एकपासून होते. यावरून प्रोग्रॅमर मंडळी आजही कुरकुर करतात. पण बाजारात भाजी मोजताना आपण तरी कुठे शून्यापासून सुरुवात करतो?

आता गेमवाल्यांचं दुखणं काय होतं ते बघू. गेमचं इंजिन, म्हणजे चित्रं हलवणारा आणि टक्कर ओळखणारा भाग, वेगवान लागतो. तो सहसा सी किंवा सी प्लस प्लसमध्ये लिहितात. पण 'या दारामागे राक्षस ठेवायचा की चावी' हेही त्याच भाषेत लिहिलं, तर प्रत्येक बारीक बदलासाठी प्रोग्रॅम पुन्हा कम्पाइल करत बसावं लागतं. शिवाय कथा आणि लेव्हल बनवणारी माणसं बऱ्याचदा प्रोग्रॅमर नसतात. म्हणून इंजिनाच्या पोटात बसणारी, हलकी आणि चटकन शिकता येणारी दुसरी भाषा हवी होती. प्रत्येक कंपनी आपापली बनवायची आणि सांभाळता सांभाळता मेटाकुटीला यायची.

लुआ नेमकी या खाचेत बसली. तिचा इंटरप्रिटर आजही ३०० किलोबाइटच्या आसपास आहे, म्हणजे व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एखाद्या गुड मॉर्निंगच्या फोटोएवढा. ती मुळातच सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमला जोडण्यासाठी घडवलेली. सुरुवातीला धंद्यासाठी वापरायची तर वेगळी परवानगी लागायची. १९९५ मध्ये ती अटही काढली, सगळ्यांना फुकट.

मग डिसेंबर १९९६ मध्ये 'डॉ. डॉब्ज जर्नल' या अमेरिकन मासिकात लुआवर एक लेख आला. लुकासआर्ट्स कंपनीतल्या ब्रेट मोगिलेफ्स्की या प्रोग्रॅमरनं तो वाचला आणि कंपनीची घरगुती भाषा बाजूला सारून 'ग्रिम फँडँगो' हा गेम लुआ वापरून करायचं ठरवलं. गेम १९९८ मध्ये आला. त्याच सुमारास गेम बनवणाऱ्यांच्या एका परिषदेत त्यानं आपला अनुभव सांगितला आणि तिथून तोंडोतोंडी प्रसार सुरू झाला. जाहिरातीवर एक पैसा खर्च नाही. याच कंपनीच्या पुढच्या एका गेममध्ये तर जुन्या घरगुती भाषेच्या नावाच्या बारची पाटी बदलून 'लुआ बार' अशी करण्यात आली!

२००४ च्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टनं एक पाऊल पुढे टाकलं. खेळणाऱ्यांनाच लुआ वापरून पडद्यावरची बटणं, नकाशे बदलायची मुभा दिली. रोब्लॉक्समधले गेम ज्या लुआऊ भाषेत लिहिले जातात, तीही लुआचीच लेक.

आता उलटं उदाहरण. नॉटी डॉग या कंपनीनं लिस्पच्या धर्तीवर 'गोल' नावाची स्वतःची भाषा बनवली आणि २००१ चा 'जॅक अँड डॅक्स्टर' जवळजवळ सगळा तिच्यात लिहिला. गेम गाजला. पण त्याच वर्षी सोनीनं कंपनी विकत घेतली आणि अडचण उघडी पडली. सोनीचे बाकीचे स्टुडिओ सी प्लस प्लसवर, त्यामुळे कोडची देवाणघेवाण होईना. नव्या माणसाला आधी ही भाषा शिकवा, मग कामाला लावा. शेवटी 'गोल' सोडून दिली. गंमत म्हणजे पुढे 'अनचार्टेड'मध्ये लिस्पच्याच घराण्यातली भाषा परत आली, पण फक्त स्क्रिप्टिंगपुरती. आख्खं मशीन व्हायला गेली तेव्हा टिकली नाही, सुटा भाग म्हणून खपली.

आता तुम्ही म्हणाल, मग सिन्नरच्या पोरानं लुआ शिकून नोकरी मिळेल का? नुसत्या लुआवर अवघडच आहे. पुण्यात बनलेला 'राजी' हा गेम अनरिअल इंजिनवर उभा आहे, आणि अशा स्टुडिओंमध्ये सहसा अनरिअलसाठी सी प्लस प्लस किंवा युनिटीसाठी सी शार्प विचारतात. नोकरीच हवी असेल तर आधी तिकडे वळावं.

स्वतःचा छोटा गेम करून बघायचा असेल तर हिशोब वेगळा. २०२४ मध्ये जगभर गाजलेला 'बलात्रो' हा पत्त्यांचा गेम एकाच माणसानं बनवला, आणि तोही लुआमध्ये, 'लव्ह' नावाचं फुकट सॉफ्टवेअर वापरून. ते जुन्या लॅपटॉपवरही चालतं आणि पडद्यावर एक चेंडू इकडून तिकडे पळवायला वीसेक ओळी पुरतात.