वीज दिसल्यावर बटण दाबू नका!

आजचा विषय बंगळुरूच्या आकाशातला. एप्रिल-मे महिन्यांत इथे दुपार तापते आणि संध्याकाळनंतर वळीव गाठतो. कन्नडात विजेला ‘मिंचु’ म्हणतात, गडगडाटाला ‘गुडुगु’. हा मिंचु कॅमेऱ्यात कसा पकडायचा?

बहुतेकांची चूक एकच. वीज चमकली की बटण दाबतात. डोळ्यांनी पाहून बोट हलायलाच सेकंदाचा साधारण पाचवा भाग जातो. तोवर बहुतेक वेळा खेळ संपलेला असतो. म्हणून उलटं करायचं. शटर आधीच उघडं ठेवायचं आणि विजेची वाट पाहायची.

कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा. फोकस मॅन्युअल करून दूरच्या दिव्यांवर पक्का करा. आयएसओ 100, अ‍ॅपर्चर एफ/8, शटर 10 सेकंद. इथून सुरुवात करा आणि एकामागून एक फोटो आपोआप निघू द्या.

आता गंमत बघा. वीज क्षणभरच चमकते. शटर 5 सेकंद उघडं असो की 30, तिचा उजेड तेवढाच नोंदला जातो. तो कमी-जास्त करायचा तर अ‍ॅपर्चर किंवा आयएसओ बदला. शटरचा वेळ ठरतो तो भोवतालच्या उजेडावर. थरच्या वाळवंटात अंधाऱ्या रात्री 30 सेकंदही चालतात. बंगळुरूत शहराचे दिवे ढगांवर पडतात, तेवढ्या वेळात आकाश पांढरट होऊन जातं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, उभं कुठे राहायचं? देशात दरवर्षी अडीच हजारांहून अधिक माणसं विजेने दगावतात. तेव्हा गच्ची नको, बाल्कनी नको, नंदी हिल्स तर नकोच. वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा. वीज साधारण तेवढे किलोमीटर दूर आहे. 30 सेकंदांच्या आत गडगडाट आला, तर तुम्ही तिच्या टप्प्यात आहात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप फोनवर ठेवा.

फोटो घरातूनच काढा. खोलीतला दिवा घालवा, खिडकी बंद ठेवा, लेन्स काचेला भिडवा. लोखंडी ग्रिलला हात लावू नका, चार्जर काढून ठेवा. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं बाहेर पडू नका.

फोटो हुकला तर हुकू दे. पुढचा वळीव आहेच, तो बघायला आपण असायला हवं!