खासगी तपासाचा धंदा : भांडवल थोडे, जबाबदारी मोठी

कापडाच्या धंद्यात माल उधारीवरच जातो. काही वर्षांपूर्वी परगावच्या एका नव्या पार्टीला मी गाठी पाठविल्या. वसुलीला गेलो तर गाळ्याला कुलूप! शेजारचा दुकानदार म्हणाला, "शेठ, तुमच्याआधी दोघे बुडाले." हीच चौकशी आधी झाली असती तर रक्कम वाचली असती. अशी चौकशी करून देणे हाच खासगी तपासाचा धंदा.

पार्टीची पत, नोकराची माहिती, नकली मालाचा माग, सोयरिकीपूर्वीची चौकशी अशी कामे यात मिळतात. सुरक्षा रक्षक पुरविण्यास २००५ च्या कायद्याने परवाना लागतो. तपास संस्थांचे विधेयक मात्र २००७ मध्ये राज्यसभेत आले, पण त्याचा कायदा झाला नाही. महाराष्ट्रात ठराविक संख्येपेक्षा कमी कामगार असल्यास २०१७ च्या दुकाने कायद्याखाली फक्त सूचना द्यावी लागते.

वेगळा परवाना नाही म्हणजे मोकळीक नव्हे. फोन कॉलचे तपशील बेकायदा मिळविल्यावरून २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी काही खासगी गुप्तहेरांना अटक केली होती. पोलीस असल्याची बतावणी करणे, बाईमाणसाचा पाठलाग करणे हेही गुन्हेच. बाजारातील विचारपूस, कोर्टातील नोंदी, जीएसटी नंबरची खातरजमा एवढ्यावरही पुष्कळ काम होते.

गिऱ्हाइकाचे गुपित ही अमानत आहे. काम लेखी घ्यावे, अहवालात खात्रीचेच लिहावे. ऐकीव गोष्टीने एखाद्याची पेढी बसते, एखाद्या मुलीचे लग्न मोडते. हे ओझे पेलवेल त्या तरुणांनीच या धंद्यात पडावे.