तापणारी मूठ (मोटारसायकल)
तापणारी मूठ ही मोटारसायकलच्या हँडलवर बसवली जाणारी, विजेवर गरम होणारी रबरी मूठ होय. जालना जिल्ह्यातील हिवाळ्यात तिची गरज क्वचितच भासते. लडाखसारख्या प्रदेशातील प्रवासात मात्र ती उपयुक्त ठरते. रबराखालीच तापणारी नाजूक तार असल्याने, साध्या मुठीप्रमाणे ती कापून किंवा स्क्रूड्रायव्हर खुपसून काढता येत नाही. बॅटरीची जोडणी सोडवून, कडेने आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडत व जोडतारेवर ताण न देता ती सैल करतात. उजवी मूठ ॲक्सिलरेटरच्या प्लॅस्टिक नळीवर बसते आणि तिच्याबरोबर फिरते. म्हणून पुन्हा बसवताना जोडतारेला पुरेशी ढील ठेवावी लागते. तार कोठे अडकल्यास सोडलेला ॲक्सिलरेटर पूर्ववत होत नाही आणि गाडीचा वेग कमी होत नाही. त्यामुळे इंजिन बंद असताना, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, तो मोकळेपणाने परत येतो का हे तपासतात.