लाल दगडातली पांढरी भुकटी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या दुर्गमानवाडीचं बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात जात आलं आहे. दगड तांबूस, कारण त्यात लोह असतं. ॲल्युमिनियम मिळवायचं तर ते आधी वेगळं करावं लागतं.

ते वेगळं करण्याची युक्ती ऑस्ट्रियन रसायनतज्ज्ञ कार्ल योझेफ बायर यांची, 1888 च्या पेटंटची. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये त्यांना ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, हवं होतं ते कापड रंगवण्यासाठी, धातूसाठी नव्हे! बॉक्साइट दळून कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात दाबाखाली शिजवलं की ॲल्युमिनियमचं संयुग विरघळतं. लोह विरघळत नाही. गाळलं की झालं.

पण विरघळलेलं परत मिळवायचं कसं? मला सर्वांत सुंदर वाटतो तो हाच टप्पा. द्रावण थंड करून त्यात आधीच्याच घाण्यातले बारीक स्फटिक टाकतात, दुधाला विरजण लावावं तसे. त्यांच्यावर नवे थर चढतात. सोडा पुन्हा वापरात येतो. स्फटिक हजारेक अंशांवर भाजले की शुभ्र ॲल्युमिना उरतं. त्यातून धातू काढायला मात्र वीज लागते.

मागे राहतो अल्कधर्मी लाल चिखल, टनभर ॲल्युमिनामागे साधारण टनभर. 4 ऑक्टोबर 2010 रोजी हंगेरीत आयका इथे त्याचा बांध फुटला. दहा माणसं गेली.